परदेशी मुक्कामाआधी इकडची बेगमी

कोकणात पावसाळ्याआधी आगोटीची बेगमी करायची पद्धत आहे. सहा महिने, वर्षभर परदेशात राहायला निघणाऱ्या ठाणे-नवी मुंबईकरांनी ती पद्धत वेगळ्या अर्थानं उचलावी असं मला मनापासून वाटतं. तिकडची खोली, थंडीचे कपडे, विमा याची तयारी सगळेच करतात. मुक्काम अर्ध्यात मोडतो तो मात्र इकडच्या गोष्टींनी: खालच्या घराचं छत गळायला लागतं, बँकेचा ओटीपी येत नाही, कुठल्यातरी कागदावर सही लागते. निघण्याआधी तीन महिने हाताशी असतील तर यातलं जवळपास सगळं टाळता येतं.

सगळ्यात जास्त वेळ घराला द्या, त्यातही मधे जून ते सप्टेंबर येत असेल तर. येऊरच्या पायथ्याशी असो की ऐरोलीच्या खाडीकाठी, बंद घर पावसाळ्यात आतून सादळतं. हवा खेळत नाही, ओलावा भिंतीत आणि कपाटात मुरतो आणि चामड्याच्या चपला, पट्टे, पुस्तकांच्या पाठी, प्लायवूडच्या कपाटाची मागची बाजू यांवर बुरशी धरते. पुस्तकांना वर कसर लागते ती वेगळीच. रेशमी साड्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, सुती कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवा. प्लायवूडच्या कपाटांची दारं चार बोटं उघडी राहू द्यात आणि कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर वीतभर पुढे ओढा. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराईडचे डबे उपयोगी आहेत, पण ठाण्याच्या जुलैत ते महिनाभरात पाण्यानं भरतात. ते पाणी कपड्यावर सांडलं तर कापड वाळता वाळत नाही आणि लोखंडावर सांडलं तर गंज चढतो. म्हणून डबा कपाटाच्या तळाशी, ताटलीत ठेवायचा, आणि बदलायला कुणी येणार नसेल तर ठेवूच नये. खरा उपाय माणूसच आहे. पंधरा दिवसांतून एकदा, उघडीप असलेल्या दिवशी तासभर खिडक्या उघडून पंखे लावणारं कुणीतरी शेजारी किंवा नात्यातलं हवं.

पाण्याच्या बाबतीत दोन उलट धोके आहेत. एक गळतीचा. घरात येणारा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. बऱ्याच इमारतींत तो डक्टमध्ये किंवा गच्चीवर असतो, तेव्हा प्लंबरकडून आधी ओळखून त्यावर फ्लॅटचा नंबर लिहून घ्या. बंद केल्यावर घरातले सगळे नळ उघडून पाइप रिकामे करा आणि मग नळही बंद करा. नळ उघडा राहिला आणि पुढे कुणी चुकून व्हॉल्व्ह फिरवला, तर थेट खालच्या मजल्यापर्यंत पाणी जातं. दुसरा धोका कोरडेपणाचा. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या खोलगट भागात, जे थोडं पाणी साठून असतं तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. ते काही आठवड्यांत आटतं. निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतून वर दोन चमचे खाद्यतेल सोडा. तेलाच्या थरामुळे पाणी सावकाश उडतं. कमोडचं झाकण लावून त्याभोवती प्लास्टिकची पट्टी चिकटवा. बाल्कनीतली जाळी मात्र अगदी साफ हवी. कबुतरांची पिसं आणि कुंडीतला पाला अडकून ती तुंबली, तर एका मुसळधार रात्रीत पाणी हॉलमध्ये शिरतं.

फ्रिज आदल्या दिवशी रिकामा करून बर्फ वितळू द्या, आतून पुसा आणि दाराला कापडाची घडी लावून ते किलकिलं ठेवा. दार बंद करून नुसता प्लग काढला तर परत आल्यावर रबरी पट्टीसकट आतून काळी बुरशी मिळेल. वॉटर प्युरिफायरची टाकी रिकामी करा. पाइपच्या गॅसचा मीटरजवळचा खटका बंद करा. शेजारी पंखे लावणार असतील तर मेन बंद करू नका, फक्त गिझर, एसी आणि स्वयंपाकघराचे एमसीबी खाली करा.

महावितरणचं बिल घर बंद असलं तरी स्थिर आकारापुरतं येतच राहतं. ते आगाऊ भरून ठेवता येतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी कळवा: तारखा, किल्ली कुणाकडे, अडचणीत दार उघडायची परवानगी. तोंडी सांगितलेलं पुढची कमिटी आल्यावर कुणाच्या लक्षात राहत नाही. घराच्या विम्यातही सलग किती दिवस घर बंद राहिलं तर चोरीचं संरक्षण थांबतं, ते कलम वाचून घ्या.

आता मोबाइल नंबर. आपला भारतीय नंबर हा परदेशात पासपोर्टइतकाच मोलाचा कागद आहे, तसाच तो जपा. इंटरनॅशनल रोमिंग इथूनच सुरू करून घ्या आणि फोनमधलं डेटा रोमिंग बंद ठेवा. येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, पण रिचार्जची मुदत संपली की तेही थांबतात. त्यामुळे ३६५ दिवसांचा पॅक घ्या. प्रीपेड नंबर सलग ९० दिवस अजिबात वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते, म्हणून महिन्यातून एक एसएमएस आठवणीनं पाठवा. यूपीआय आणि बँकेचं ॲप नव्या फोनमध्ये टाकताना त्याच सिममधून एसएमएस जावा लागतो, आणि रोमिंगवर तो बऱ्याचदा अडतो. सिम हरवलं तर बदली सिमसाठी भारतात यावं लागण्याचीच शक्यता जास्त, शिवाय बदली सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. यावर मला पटलेला मार्ग असा: भारतीय सिम आणि बँकेची ॲप्स एका जुन्या स्मार्टफोनमध्ये ठेवायची. तो फोन खोलीवरच राहतो, आणि खिशातल्या फोनमध्ये तिकडचं सिम.

नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार सुरुवातीला बंदच असतात. ॲपमध्ये जाऊन एटीएम, दुकान आणि ऑनलाइन हे तीनही वेगवेगळे सुरू करावे लागतात. परदेशी मशीननं ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ असं विचारलं तर नेहमी स्थानिक चलन निवडा, रुपयांचा दर ते स्वतःच्या सोयीनं लावतात. कार्डावरून आपोआप जाणारे बरेचसे हप्ते १५,००० रुपयांच्या वर गेले की ओटीपी मागतात, हेही ध्यानात असू द्या.

मुक्कामाचे दिवस मोजताना शहाणी माणसंही चुकतात. शेंगेनचे, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले २९ देश एकच धरायचे, फ्रान्समधून इटलीत गेल्यानं मोजणी नव्यानं सुरू होत नाही. नियम आहे कुठल्याही १८० दिवसांत ९०, आणि येण्याचा आणि जाण्याचा दिवस दोन्ही धरायचे. १ एप्रिलला शिरून २९ जूनला बाहेर पडलात तर ९० भरले, आता २७ सप्टेंबरपर्यंत आत पाऊल नाही. ‘तीन महिने’ म्हणून ३० जूनचं तिकीट काढलं तर एक दिवस जास्त होतो. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन संगणकावर नोंद ठेवायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे पुसट शिक्क्याचा आधार उरलेला नाही. अमेरिकेला मुलांकडे जाणाऱ्यांनी दहा वर्षांच्या व्हिसावर विसंबू नये. राहायची मुदत आय-९४ वर, म्हणजे तिथे शिरताना होणाऱ्या नोंदीवर लिहिलेली तारीख ठरवते. पासपोर्टची पानं संपत आली असतील तर वागळे इस्टेटच्या सेवा केंद्रात इथेच ६० पानांचा करून घ्या.

करातला एक बारकावा. नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्या भारतीयाला निघाला त्या वर्षात भारतात १८२ दिवस होईपर्यंत रहिवासी न धरण्याची सवलत आहे, नुसतं फिरायला जाणाऱ्याला ती नाही. त्या आर्थिक वर्षात ६० दिवस भारतात आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस झाले असतील, तर तुम्ही रहिवासीच धरले जाता. तिकडे बँक खातं उघडणार असाल तर आधी सीएला विचारा, कारण ते विवरणपत्रात दाखवावं लागतं.

मुखत्यारपत्र निघण्याआधी इथेच करा, तेही मोजक्या कामांपुरतं. परदेशात केलं तर वकिलातीची साक्ष किंवा अपोस्टिल (तिथल्या सरकारचं प्रमाणपत्र) लागतं आणि कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरावा लागतो. निवृत्तिवेतन असेल तर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला चेहरा ओळखणाऱ्या ॲपवरून देता येतो. तो इथे असतानाच एकदा करून पाहा.

सामानात एक गोष्ट न चुकता तपासा: खसखस. अनारशांवरची, करंजीच्या सारणातली. अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये ती अमली पदार्थांत मोडते आणि प्रकरण अटकेपर्यंत जाऊ शकतं. नुसता मुक्कामाचा देश पाहू नका, वाटेतला विमानतळही पाहा. जपानला जाताना डॉक्टरांनी दिलेली गोळ्या-औषधं महिन्याभराहून जास्त न्यायची असतील तर तिथली पूर्वपरवानगी लागते. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, इथला ब्रँड तिकडे कुणाला कळत नाही.

परत आल्यावर आधी खिडक्या उघडा, मग गॅस. व्हॉल्व्ह सावकाश फिरवा आणि गढूळ पाणी पूर्ण जाईपर्यंत नळ वाहू द्या. गिझर त्यानंतरच लावायचा, रिकामी टाकी तापली तर कॉइल जळते.