स्मोकी माउंटन्सला जाताय? चेरोकी गावासाठी दोन दिवस ठेवा

अटलांटाहून स्मोकी माउंटन्सला निघालेली आपली मंडळी चेरोकी गावात पेट्रोल भरतात, जेवतात आणि पुढे जातात. आम्हीही आधी तेच केलं होतं. या ऑक्टोबरात मात्र मुद्दाम तिथेच मुक्काम केला.

नॉर्थ कॅरोलायनातल्या या डोंगराळ मुलखाला क्वाला बाउंड्री म्हणतात. चेरोकी ही इथली मूलनिवासी जमात. १८३८-३९ मध्ये अमेरिकन सरकारने सुमारे १६ हजार चेरोकींना घरादारातून हुसकून आजच्या ओक्लाहोमाकडे नेलं. छावण्यांत आणि वाटेत चार हजारांच्या आसपास माणसं दगावली, असं मानतात. जे डोंगरात लपले किंवा या ना त्या मार्गाने मागे राहिले, त्यांचे वंशज म्हणजे इथला ईस्टर्न बँड, म्हणजे चेरोकींची पूर्वेकडची शाखा. आणि ही जमीन त्यांना कोणी दान दिलेली नाही. पूर्वजांच्या काळात ती पैसे मोजून परत मिळवलेली आहे.

सुरुवात ओकोनालुफ्टी इंडियन व्हिलेजपासून करा. अठराव्या शतकातलं चेरोकी गाव तिथे उभं केलंय आणि माहिती सांगणारी माणसं चेरोकीच आहेत. पोकळ वेताच्या फुंकनळीतून बाण कसा मारतात, झाडाचं खोड जाळत-तासत होडी कशी कोरतात, हे समोर करून दाखवतात. सात बाजूंच्या सभागृहात आमच्या वाटाड्याने सात कुळं समजावून सांगितली. कूळ आईकडून येतं, म्हणजे मूल आईच्या कुळाचं. पिसांचे मोठे टोप आणि कातडी तंबू चेरोकींचे नव्हेतच, ते मैदानी भागातल्या जमातींचे. पूर्वी चेरोकींना रस्त्यावर पर्यटकांसाठी तसा वेश करून उभं राहावं लागायचं, कारण पाहुण्यांना तेच हवं असायचं.

मग म्युझियम ऑफ द चेरोकी पीपल. मी सगळ्यात जास्त रेंगाळले ती लिपीपाशी. ती तयार करणाऱ्या सेक्वोया या चेरोकी माणसाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी त्याने १८२१ च्या सुमारास आपल्या भाषेसाठी अक्षरं तयार केली. आज त्यातली ८५ वापरात आहेत. तक्ता बघताच लेक म्हणाली, "आई, ही तर बाराखडी!" ग, गे, गि, गो, गु अशी ओळ खरंच होती. फक्त आपल्यासारख्या काना-मात्रा नाहीत, प्रत्येक अक्षराचा आकार स्वतंत्र. इंग्रजी 'डी'सारखं दिसणारं अक्षर 'अ' वाचायचं, 'आर'सारखं 'ए'. १८२८ मध्ये याच लिपीत वर्तमानपत्रही निघालं. आता गावातल्या रस्त्यांच्या पाट्यांवर ती वाचायचा प्रयत्न मुलांना जरूर करू द्या.

रस्त्यापलीकडे क्वाला आर्ट्स अँड क्राफ्ट्स ही १९४६ पासूनची कारागिरांची सहकारी संस्था आहे. तिथली वेताची दुहेरी विणीची टोपली हातात घेऊन बघा. आतली टोपली विणत काठापर्यंत आणतात, तिथे पट्ट्या वळवून तसंच बाहेरून खाली विणत जातात, मध्ये कुठेही जोड नाही. तपकिरी-काळा रंग अक्रोडाचा, नारिंगी ब्लडरूट या रानरोपाच्या मुळाचा. किंमत ऐकून दचकू नका आणि घासाघीस तर अजिबात नको. वेत तोडण्यापासून रंगवण्यापर्यंतचे दिवस त्यात आहेत.

व्हिलेज हिवाळ्यात बंद असतं आणि हंगामातही रोज उघडं नसतं, तेव्हा निघण्याआधी तारखा बघा. स्मोकी माउंटन्सच्या नॅशनल पार्कला प्रवेश फी नाही, पण १५ मिनिटांहून जास्त गाडी लावायची तर पार्किंग टॅग लागतो, दिवसाचे ५ डॉलर. तिथल्या सर्वांत उंच शिखराला २०२४ पासून पुन्हा कुवोही हे मूळ चेरोकी नाव मिळालंय. वरचा रस्ता डिसेंबर ते मार्च बंद असतो. बीन ब्रेड मिळाली तर चाखा. मक्याचं पीठ आणि घेवड्यासारखे दाणे पानात गुंडाळून उकडतात, पण वर चरबी घालायची पद्धत आहे, शाकाहारी असाल तर आधी विचारा. माणसांचे फोटोही विचारूनच. "खरे इंडियन तर आम्ही" हा विनोद कृपा करून करू नका. भेटल्यावर 'सियो' म्हणा, आभार मानायला 'स्गी'.

परतताना ब्रायसन सिटीच्या वाटेवर किटुवा लागतं. चेरोकी याला आपलं मूळ गाव मानतात. ही जमीन १९९६ मध्ये जमातीने परत विकत घेतली. नांगरटीने झिजून मधला पवित्र उंचवटा आता जेमतेम जाणवतो, म्हणून मुलांना आधीच दाखवून ठेवा, त्यावर पाय पडायला नको.