दाढ ठणकत असताना भूल का चढत नाही

दाढ रात्रभर ठणकते, पेनकिलरवर चार दिवस ढकलले जातात आणि शेवटी खुर्चीत बसल्यावर भूल नीट चढतच नाही. ड्रिल टेकताच कळ कानापर्यंत जाते. मग पुढची कित्येक वर्षं दवाखान्याकडे पाठ. मोठ्या माणसांच्या भीतीमागे बरेचदा असा एखादा दिवस असतो, आणि त्यात भित्रेपणाचा काही संबंध नसतो.

सुजलेल्या जागी आम्लता वाढते. आम्लात लिग्नोकेनचा, म्हणजे भुलीच्या औषधाचा, नसेत शिरू शकणारा भाग कमी उरतो, त्यात ती नस आधीच चिडलेली. खालच्या दाढांना हा त्रास जास्त. वरचं हाड सच्छिद्र, त्यामुळे औषध मुळापर्यंत झिरपतं. खालचं दाट, म्हणून जबड्याच्या मागच्या बाजूला नसेजवळ ब्लॉक, म्हणजे ती नसच बधिर करणारं इंजेक्शन, द्यावा लागतो, आणि तो कधीकधी हुकतो. ओठ पाचेक मिनिटांत जड पडला म्हणजे दाढ बधिर झाली असं नाही. तिला १०-१५ मिनिटं लागू शकतात. 'सुरू करण्याआधी दाढेला थंड लावून बघा' असं खुशाल सांगावं. कळ आली तर दात आणि हाड यांच्यामधल्या फटीत जादा भूल देता येते.

सुईपेक्षा औषध घाईने ढकलल्याने जास्त दुखतं. १.८ मिलीचं कार्ट्रिज (भुलीच्या औषधाची नळी) रिकामं व्हायला दीड-दोन मिनिटं तरी लागायला हवीत. सुईआधी लावायचं बधिर करणारं जेल हिरडी कोरडी करूनच लावावं आणि मिनिटभर थांबावं, नाहीतर ते लाळेबरोबर वाहून जातं आणि जीभच बधिर होते.

सुईनंतर छाती धडधडली की लोक अ‍ॅलर्जी समजतात. बहुधा ते भुलीतलं अ‍ॅड्रेनलिन असतं. भूल टिकावी म्हणून घातलेलं. काही मिनिटांत ओसरतं. हृदयाचा आजार असेल तर मात्र आधीच सांगा.

डावा हात वर केला की डॉक्टरांनी थांबायचं, हे ठरवून घ्या आणि ड्रिल सुरू व्हायच्या आधी एकदा करून बघा. जे थांबत नाहीत, त्यांच्याकडे परत जाऊ नये. पहिल्या भेटीत फक्त तपासणी आणि एक्स-रे मागितला तरी चालतो. एवढ्यानं भागत नसेल तर नाकावाटे नायट्रस ऑक्साइड हा भीती शांत करणारा वायू घेता येतो, माणूस जागाच राहतो. गुंगीची गोळी घेतली तर सोबत कुणीतरी हवं, आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

घरी आल्यावर बधिरपणा जाईपर्यंत काही चावू नका. गाल चावला गेल्याचं भूल उतरल्यावरच कळतं.