काकांचा पाईप
आज दुपारभर काकांचा तंबाखू ओढायचा ब्रायरचा पाईप साफ करत बसलो होतो. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी धरणारी गाठ. तासन्‌तास उकळून, महिनोन्‌महिने वाळवून मगच ती कोरतात, म्हणून आच सोसते. आतला काजळीचा थर जरासाच खरवडला. तो सगळा काढला तर लाकूड जळतं. दांडीतून क्लीनर (कापूस गुंडाळलेली बारीक तार) फिरवला तर काळंकुट्ट, चिकट कीट निघालं.

संध्याकाळी काकांनी स्वतः तंबाखू भरली. तळाशी सैल, वर जरा दाबून. पहिल्या काडीनं ती फुगून वर येते, मग चेपून पुन्हा पेटवायची. धूर छातीत न घेता तोंडातच घोळवायचा. (तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतोच, म्हणून काका फक्त रविवारी ओढतात.) मला मात्र ओढण्यापेक्षा ही निगुतीची कामंच मनापासून आवडतात. पुढच्या रविवारी वाकड्या दांडीचा पाईप साफ करायला काढतोय!