गॅस गीझर काढून बंब बसवला त्याची गोष्ट

आमच्या खेड्यात लाईटचा भरोसा नाही, म्हणून दोन वर्षांआधी न्हाणीत गॅसवाला गीझर लावला होता. डिसेंबरात एक दिवस आई आंघोळ करून निघाली अन् दारातच भिंत धरून बसली, म्हणे, "डोकं गरगर करून राहिलं रे." मला वाटलं बीपी असंल. डॉक्टरनं पहिलंच विचारलं, गीझर न्हाणीच्या आत आहे का, झरोका उघडा असतो का. आता काय सांगू, झरोक्यात पोतं मीच कोंबलं होतं, थंडी लागते म्हणून! कोंडलेल्या जागेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, त्याला ना वास ना रंग.

आईनं सांगून टाकलं की त्या डब्यात आता पाय ठेवत नाही, मामाच्या वाड्यातला लाकडावर पाणी तापवायचा तांब्याचा बंब पडून आहे तो आण. आणला, चिंच लावून घासला.

गीझर काढायला मी पाना घेऊन बसलोच होतो, पण बायकोनं पाना हातातून घेतला अन् मेकॅनिकला फोन लावला. बरंच झालं. त्यानं रेग्युलेटर बंद केलं, शेगडी अन् गीझरकडं गॅस वाटणारा मधला टी जॉइंट काढला, शेगडीला नवी सरळ नळी जोडली अन् साबणाचा फेस लावून पाहिला, तर क्लिपजवळ एक बारीक बुडबुडा फुगला, फुटला, परत फुगला. वास मात्र कोणालाच आला नव्हता. क्लिप बदलल्यावर बंद झाला. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली फरशीवर साचते, म्हणून दार उघडं ठेवूनच हे सगळं केलं.

बंबाला धुराडं आहेच तर न्हाणीतच ठेवू, असा माझा बेत होता. मेकॅनिक हसला, "भाऊ, निखाऱ्यातूनबी तेच विष निघते न." मग मागच्या टिनाखाली ठेवला, तीन बाजूंनी मोकळं. धुराड्यावर चार इंची पाइप चढवून टिनाच्या वर काढला. आठ दिवसांत पाइपाजवळचा बांबू करपून काळा झालेला दिसला, तेव्हा समजलं की एवढं जवळ लाकूड नको होतं. बांबू कापला, लोखंडी अँगल टाकला.

जळतन म्हणजे तुराट्या अन् बाभळीची वाळकी लाकडं. कपाशीच्या पराट्याही जाळतो, पण सुकी बोंडं झडवूनच रचून ठेवतो, बोंडांत बोंडअळी राहते. ओलं लाकूड घातलं की पाइपात काजळी धरते, म्हणून पंधरा दिवसांनी काठीला चिंधी बांधून पाइप झाडतो. पाणी भरल्याशिवाय पेटवायचा नाही, नाहीतर सांध्यांची झाळ सुटते, अन् पाणी ओतायचं तोंड गच्च बंद करायचं नाही, वाफेला वाट पाहिजे. नातवाला तिकडं फिरकू देत नाही आई.

गीझर अजून कोठ्यात पडून आहे. भंगारवाला दीडशे म्हणते, मी पाचशेवर अडलो.