अपघातानंतरचा पहिला फोन

ब्रिटनमध्ये मी मोटार विम्याचे क्लेम हाताळते. घरच्यांना वाटतं, हे फॉर्म भरून घ्यायचं काम. फॉर्म असतातच, पण फोनवरचा माणूस आधी सावरला नाही तर एकही फॉर्म धड भरला जात नाही.

परवा एक बाई मोटरवेच्या कडेला गाडीतच बसून बोलत होत्या. पॉलिसी नंबर सापडेना म्हणून जीव कासावीस झालेला, मागून ट्रक जाताना ऐकू येत होते. मी म्हटलं, "नंबर राहू द्या. लागलंय का कुठे? डावीकडच्या दाराने उतरा आणि कठड्यापलीकडे जाऊन उभ्या राहा." त्या तिथे पोचेपर्यंत मी दुसरा प्रश्न विचारला नाही.

आपल्याकडे अपघात म्हटला की पंचनामा आठवतो. इथे किरकोळ धडकेला पोलीस सहसा येत नाहीत. 1988 च्या रोड ट्रॅफिक ॲक्टप्रमाणे थांबायचं, नाव-पत्ता आणि गाडीचा नंबर द्यायचा. ते जमलं नाही तर 24 तासांच्या आत पोलिसांना कळवायचं. चूक कोणाची, हे बहुतेक वेळा दोन्हीकडच्या विमा कंपन्याच आपसात ठरवतात. दोघंही छातीठोकपणे सांगतात की समोरचा अंगावर आला. मग मी फोटो मोठे करून बघत बसते. दारावरचा ओरखडा मागून पुढे गेलाय की पुढून मागे, एवढ्यावरूनही कोण कोणाला ओलांडून जात होतं ते कळतं. म्हणून इथे येणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: धोका नसेल तर गाड्या हलवायच्या आधी फोटो काढा.

समोरच्याचा विमाच नसेल किंवा तो पळून गेला असेल, तर मोटर इन्शुरर्स ब्युरो आहे. 1946 पासून ही संस्था अशा अपघातांतल्या लोकांना भरपाई देते, आणि तो पैसा विमा कंपन्यांच्या वर्गणीतून, म्हणजे शेवटी विमा भरणाऱ्यांच्याच हप्त्यांतून येतो. मला ही व्यवस्था मनापासून आवडते.

सगळ्यात जड जातो तो टोटल लॉसचा फोन. गाडी चालू असते, पण दुरुस्तीचा खर्च तिच्या किमतीच्या मानाने परवडत नाही, म्हणून ती राइट-ऑफ होते. सांगाड्याला धक्का असेल तर 'एस' वर्ग, नसेल तर 'एन'; या गाड्या दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर येऊ शकतात. 'ए' आणि 'बी' मात्र कधीच नाही. आपल्या आयडीव्हीसारखी पॉलिसी घेतानाच ठरलेली रक्कम इथे साधारणपणे नसते. अपघाताच्या आदल्या क्षणी बाजारात जी किंमत होती ती मिळते, त्यातूनही एक्सेस, म्हणजे क्लेममधला ग्राहकाने स्वतः सोसायचा ठरलेला हिस्सा, वजा होतो.

एका आजोबांनी त्यांची छोटी गाडी अगदी जपून वापरली होती. रक्कम ऐकल्यावर ते बराच वेळ बोललेच नाहीत. मी त्यांना सर्व्हिसिंगच्या नोंदी, नव्या टायरची बिलं आणि त्याच वर्षाच्या, तेवढ्याच चाललेल्या गाड्यांच्या जाहिराती पाठवायला सांगितलं. त्यांनी सगळं पाठवलं आणि रक्कम वाढली. मी कंपनीची नोकर आहे हे खरं, पण ग्राहकाला त्याचे रास्त पैसे मिळवून देणं हेही माझंच काम आहे, असं मी मानते.

तरीही पटलं नाही तर तक्रार करा. अंतिम उत्तर द्यायला कंपनीला आठ आठवडे असतात. त्यानंतर फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिसकडे, म्हणजे ग्राहक आणि कंपनी यांच्यातले वाद सोडवणाऱ्या संस्थेकडे, जाता येतं, तेही फुकट. अंतिम उत्तर हाती आल्यापासून सहा महिन्यांच्या आत मात्र जायला हवं.

आणि चूक तुमची नसली तरी स्वतःच्या विम्यातून क्लेम केलात तर एक्सेस आधी तुमच्याच खिशातून जातो. समोरच्या कंपनीकडून वसुली होईपर्यंत नो क्लेम बोनसही अडकू शकतो. "माझी चूक नाही ना, मग?" असं लोक चिडून विचारतात. त्यांचं चिडणं रास्त आहे, म्हणून ही गोष्ट मी पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगून टाकते.