चोप

दिवे घाट मी जवळजवळ पळतच चढलो. पुणे ते सासवड हा माऊलींच्या पालखीचा सर्वांत लांब टप्पा, ३० किलोमीटर तरी भरतोच. गुडघा बोलू लागला तो सासवडला, पाय पसरून बसल्यावर. जेजुरीच्या वाटेवर लंगडायला लागलो, तसे आमच्या दिंडीतल्या परभणीकडच्या बाबांनी सामानाच्या ट्रकमधून एक मेसाची काठी काढून दिली. चाळिशीत काठी! घेतली, आणि दुखऱ्या डाव्या पायाच्याच बाजूला धरली.

"माऊली, तिकडं नगं. चांगल्या पायाच्या हातात धरा. डावा पाय अन् काठी संगंच टाका."

दहा पावलांत फरक कळला. घरी परतल्यावर फिजिओथेरपिस्टनेही हेच सांगितलं, फी घेऊन.

बाबांच्या काठीला खाली लोखंडी शेंबी आणि मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. चिखलात आधी ती उतरायची, मग बाबा. विसाव्याला दोन काठ्या रोवल्या की त्यांवर ओलं धोतर वाळायचं.

लोणंदच्या तळावर मात्र वेगळीच काठी पाहिली. समाजआरतीला दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या, हजारो टाळ घुमताहेत, शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जाईना. चोपदारांनी चांदीचा चोप वर केला, 'होऽऽ' अशी आरोळी दिली आणि टाळ थांबले. एकदम. कुठेतरी एक पोर रडत होतं, तेही ऐकू आलं. एरवी चोप देणं म्हणजे बदडणं. हा चोप कुणाच्या अंगाला लागत नाही.

एक दिंडी मात्र वाजवतच राहिली. मला वाटलं, यांना दिसलं नाही की काय.

"तक्रार हाय त्यांची," बाबा म्हणाले.

चोपदार त्या दिंडीपाशी गेले, म्हणणं ऐकून घेतलं, तेव्हा कुठे ते टाळ थांबले. आमच्या सोसायटीच्या सभेत ही पद्धत चालवून पाहायला हवी. मग हरवल्या-सापडल्याचा पुकारा, उद्याची निघायची वेळ, आणि आरती.

वाखरीला माझी काठी कुणीतरी उचलून नेली. राहुटीबाहेर एकच उरली होती, चार बोटं आखूड. चोपदारांना सांगू का, म्हणून विचारलं तर बाबा हसायलाच लागले. "काठीचं कुनी सांगतंय व्हय?"

तीच टेकत, जरा वाकून, पंढरपुरात शिरलो.