तुम्ही विचारलेत म्हणून: रफिंग गाउज कोणता घ्यावा?

लाकडाचा लेथ, म्हणजे लाकूड फिरते ठेवून कातायचे यंत्र, घेतलेला किंवा घ्यायच्या बेतात असलेला जो कोणी भेटतो, तो मला एकच प्रश्न विचारतो: पहिला रफिंग गाउज (चौकोनी लाकूड गोल करायची, पन्हळीसारख्या पात्याची पटाशी) कोणता घेऊ, १९ मिलिमीटर रुंदीचा की ३२ च्या, आणि कोणत्या कंपनीचा? मी उलट विचारतो की तुम्ही कातणार काय आहात, आणि समोरच्याला वाटते की मी उत्तर टाळतो आहे. सांगली-मिरजेतल्या काही मंडळींनी तर माहीत असूनही मी सांगत नाही असा समज करून घेतला आहे. तो समज मला लागतो. कातायचे काय आणि लाकूड धरायचे कसे, हे ठरल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही, आणि ते का नाही हे एकदा नीट लिहून ठेवतो.

लाटणी, पाळण्याचे दांडे, खाटेचे पाय, तंबोऱ्याच्या खुंट्या, अशा ज्या कामात लाकूड लेथच्या दोन टोकांना असलेल्या सेंटरांच्या मध्ये धरलेले असते आणि त्याचे तंतू लेथच्या अक्षाला समांतर धावतात, त्या कामासाठी हे हत्यार आहे. चौकोनी तुकडा गोल करून देणे हेच त्याचे मुख्य काम, आणि ते करण्यात त्याच्याइतकी जलद पटाशी दुसरी नाही. वाटी, परात, काठवट यांसाठी ते नाही. ‘थोडेसेच’ म्हणूनही नाही आणि ‘फक्त बाहेरची बाजू’ म्हणूनही नाही.

फेसप्लेटवर, म्हणजे लेथच्या फिरत्या तबकडीवर, वाटीचा तुकडा बसवला की तंतू अक्षाला आडवे होतात. प्रत्येक फेऱ्यात धारेपुढून दोनदा तंतूंची बाजू जाते आणि दोनदा त्यांची तुटकी टोके येतात, म्हणजे हाताला लागणारा जोर एकाच फेऱ्यात चारदा बदलतो. शिवाय व्यास मोठा असतो. मिनिटाला १००० फेरे धरले तर ३ इंची दांड्याचा पृष्ठभाग ताशी सुमारे १४ किलोमीटरने फिरतो, तर १० इंची काठवटीची कड ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास जाते. वाटीच्या आत शिरत जावे तसे पाते टूलरेस्टच्या (हत्यार टेकवायच्या पट्टीच्या) पुढे अधिकाधिक बाहेर येते. २ सेंटिमीटरचे ८ झाले की तेवढ्याच धक्क्याचा पिळवटा चौपट होतो.

हा सगळा भार जातो कुठे? रफिंग गाउजचे पाते रुंद आणि दणकट दिसते, त्यामुळे पाहणाऱ्याला तो सर्वांत मजबूत वाटतो. पण असे बहुतेक गाउज सपाट पट्टीपासून घडवलेले असतात आणि मुठीत शिरते ती फक्त एक निमुळती, चपटी शेपटी. पट्टीची जाडी निम्मी केली की वाकण्याविरुद्धची तिची ताकद चौथ्या हिश्श्यावर येते. वाटीसाठीचा बोल गाउज अखंड गोल सळईत नळी कोरून करतात आणि ती सळईच मुठीत उतरते. दुकानात दोन्ही शेजारी ठेवले तर हा फरक दिसत नाही, कारण तो लाकडी मुठीच्या आत झाकलेला असतो.

माझे एक आतेभाऊ आहेत, त्यांना मी दादा म्हणतो. कुपवाडच्या एमआयडीसीत लोखंडाच्या लेथवर त्यांची सारी नोकरी गेली आणि मिलिमीटरचा शंभरावा भाग त्यांच्या बोटांना कळत असे. निवृत्तीनंतर त्यांनी लाकडाचा लेथ घेतला. नातवाच्या पाळण्यासाठी सागवानाचे दांडे आणि जाड पाय कातायचे होते म्हणून कोणता गाउज घेऊ असे त्यांनी विचारले, आणि ३२ मिलिमीटरचा घ्या असे मी सांगितले. पाळणा उत्तम झाला. पुढे शेतातला जुना आंबा तोडला तेव्हा वहिनींसाठी काठवट करावी असे त्यांच्या मनात आले आणि त्यांनी तेच हत्यार उचलले.

मी पोहोचलो तेव्हा दादांना दवाखान्यात नेलेले होते आणि पुतण्याबरोबर मी शेडमध्ये गेलो. लेथ बंद होता. आंब्याचा गोळा फेसप्लेटवर तसाच होता. बाहेरची बाजू नीट गोल झालेली, आणि आतल्या उतारावर अंगठा मावेल एवढा एक लचका निघालेला. मूठ जमिनीवर पडली होती. पाते लेथच्या मागे भिंतीशी गेले होते. मुठीवरच्या पितळी शेंबीच्या तोंडाशी शेपटी मोडली होती आणि मोडलेला भाग करड्या रंगाचा, बारीक दाणेदार, कुठेही न वाकलेला असा होता. शेंबीच्या आत राहिलेला तुकडा मी पकडीने ओढून पाहिला, तो हलला नाही. माझ्या करंगळीपेक्षा तो रुंद नव्हता.

झाले ते असे. बाहेरची बाजू बराच वेळ विनातक्रार निघाली, आणि याच गोष्टीने माणूस फसतो. हुरूप येऊन दादा आत शिरले. सरळ घासलेल्या गाउजच्या नळीच्या दोन्ही बाजूंना टोकदार कोपरे असतात. दांड्यावर त्यांचा उपद्रव नाही, पण वाटीच्या आतल्या वळणावर त्यातला एक कोपरा तंतूंच्या टोकांत रुतला. पाते खाली खेचले गेले, डाव्या हाताची दोन बोटे पाते आणि टूलरेस्ट यांच्यात सापडली आणि पुढच्या क्षणी शेपटी मोडली. एका बोटाचे हाड तुटले. ती तर्जनी आजही पूर्ण मिटत नाही. लोखंडाच्या लेथवर टूल टूलपोस्टमध्ये बोल्टने आवळलेले असते. इथे ते मनगटाने धरायचे असते, आणि आयुष्यभराच्या सवयीला हा फरक आतून कळायला वेळ लागतो. हत्याराच्या कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण ज्या कामासाठी ते घडवले होते त्या कामात त्याने कधीच दगा दिला नव्हता.

यानंतर नातेवाइकांत एकच वाक्य फिरले: ‘त्यानेच मोठा घ्यायला सांगितला होता.’ हो, मीच सांगितला होता, आणि पाळण्याच्या पायांसाठी तो आजही तसाच सांगेन. वाटीला लावू नका हेही त्याच वेळी सांगितले होते, असे मला स्पष्ट आठवते. दादांना ते आठवत नाही. ते खोटे बोलणारे गृहस्थ नाहीत, आणि मीही नाही. वहिनींचा विश्वास त्यांच्या आठवणीवर आहे, जो असायलाच हवा. मला छळणारा प्रश्न वेगळाच आहे: सांगितले असेन तरी एका वाक्यात, पाळण्याच्या गप्पांमध्ये, निघता निघता सांगितले असेन, तर त्याला सांगणे म्हणायचे का? कोणी विचारले की मी आधी दहा प्रश्न का विचारतो, त्याचे कारण हे आहे. ते शिष्टपणाचे वाटत असेल तर वाटो.

आता पोलादाविषयी. पूर्वी मी ठासून सांगत असे की इंग्लंडमधल्या शेफील्डच्या महाग हत्यारांची गरज नाही. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून आपल्या लोहाराकडून गाउज घडवून घ्या. तेव्हाचा मी आज समोर आला तर पुष्कळ वाद होईल. कमानपाट्याचे पोलाद ग्राइंडरवर जरा जास्त वेळ टेकले की धार निळी पडते. निळा रंग म्हणजे साधारण ३०० अंश तापमान, आणि एवढ्या उष्णतेने त्याचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरते. एचएसएस (हाय स्पीड स्टील) ५०० अंशांच्या पुढेही कडकपणा सोडत नाही. सागवानात सिलिका असते, ती साध्या पोलादाची धार पाहता पाहता खाते. सागवान कातणाऱ्याने एचएसएसच घ्यावा. मात्र धार लावताना तो तापला तर पाण्यात बुडवू नये, अचानक थंड केल्याने धारेला सूक्ष्म भेगा जाण्याची भीती असते.

हे सगळे मान्य करूनही तो जुना मी पुरता हरत नाही. ओल्या बाभळीवर लोहाराकडचा गाउज अजूनही सुरेख चालतो. आणि लोहाराला सांगता येते की शेपटी बारीक करू नकोस, पाट्याची पूर्ण जाडी मुठीत जाऊ दे. कारखान्याला हे कोण सांगणार? पण त्या लोहाराने पाणी कसे दिले आहे हे घासून, वापरूनच कळते आणि नवख्याला ते कळत नाही. म्हणून मी दोन्हीपैकी एकाची शिफारस सरसकट करत नाही.

मापाचे उत्तर त्यामानाने सोपे आहे. लाटणी, खुंट्या, दीड-दोन इंची दांडे कातायचे असतील आणि लेथ अर्ध्या हॉर्सपॉवरचा असेल, तर १९ मिलिमीटरचा पुरतो आणि हाताला हलका पडतो. तीन इंचांच्या पुढचे चौकोनी तुकडे असतील, लेथ भारी असेल, तर ३२. धारेमागचा उतार ४५ अंशांच्या आसपास, धार सरळ, मूठ लांब. सुरुवात नेहमी टेलस्टॉककडच्या, म्हणजे मोटारीच्या विरुद्ध बाजूच्या, टोकाजवळून, थोडे थोडे बाहेर काढत. मधूनच लांब हात मारला तर कोपऱ्याची लांब ढलपी उडते. मूठ आधी खाली ठेवून उतार लाकडावर टेकवायचा आणि मग मूठ हळूहळू उचलायची, म्हणजे धार आपण म्हणू तेव्हाच लागते.

दादांचे म्हणणे आता असे आहे की नवख्याच्या हाती रफिंग गाउज देऊच नये. चौकोनी कार्बाइड चकती बसवलेले हत्यार द्यावे, जाड सळईचे, धार लावायची कटकट नाही, चकती बोथट झाली की फिरवली. ते स्वतः तेच वापरतात आणि काठवटही त्यांनी त्यानेच पुरी केली. माझे म्हणणे असे की ते हत्यार लाकूड खरवडते, कापत नाही. मऊ आंब्यावर पृष्ठभाग केसाळ राहतो, आणि धारेमागचा उतार टेकवण्याची जी सवय पुढे प्रत्येक पटाशीला लागते, ती शिकणाऱ्याला लागतच नाही. दादा म्हणतात, बोटे शाबूत राहिली तर सवय नंतरही लागेल. यावर मला उत्तर सुचलेले नाही, आणि तरीही दांडे कातू पाहणाऱ्याला मी रफिंग गाउजच घ्यायला सांगतो.